आधी तापाचा दिवस सांगा

पावसाळा सुरू झाला की महाराष्ट्रात डेंग्यूबरोबर एक सल्लाही पसरतो. 'रॅपिड टेस्टमध्ये पैसे घालवू नका, ती बोगस असते. थेट पीसीआर करून मोकळे व्हा.' हा सल्ला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असतो, लॅबच्या 'फिव्हर पॅकेज'च्या जाहिरातीत जरा सभ्य भाषेत असतो आणि अलीकडे काही डॉक्टरांच्या तोंडीही ऐकू येतो. त्यामागचा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पीसीआर सर्वांत संवेदनशील, एलायझा तिच्याखालोखाल आणि पट्टीवरची रॅपिड टेस्ट तळाला. मग ज्याला परवडते त्याने वरची पायरी सोडून खालची का घ्यावी?

मला हा युक्तिवाद मान्य नाही. 'गरिबांना परवडत नाही' हे कारण मी मुद्दामच पुढे करत नाही. ते खरे आहे, पण ते मांडले की समोरचा लगेच दयाळू होतो आणि म्हणतो, बरोबर, गरिबांसाठी रॅपिड ठीक आहे. म्हणजे उतरंड कायमच राहते. माझे भांडण त्या उतरंडीशी आहे. विषाणूच्या चाचण्यांना अशी एकच एक क्रमवारी लागतच नाही. पेशंट कितव्या दिवशी आला, नमुना कुठला घेतला, अहवाल कधी हातात पडणार आणि त्यावरून पुढे काय करणार, हे ठरेपर्यंत 'जास्त संवेदनशील कोणती' या प्रश्नाला उत्तर नसते.

डेंग्यूच घ्या. विषाणू रक्तात सापडतो तो ताप चढण्याच्या थोडा आधीपासून तापाच्या साधारण पाचव्या दिवसापर्यंत. पीसीआर शोधते त्याचा आरएनए. पहिल्या तीन-चार दिवसांत रक्त घेतले तर पीसीआरला तोड नाही, हे मी बिनशर्त कबूल करतो. एनएस-१ हे विषाणूचेच एक प्रथिन. तेही पहिल्या दिवसापासून रक्तात असते आणि आरएनएपेक्षा थोडे अधिक टिकते. शरीराने बनवलेली आयजीएम प्रतिपिंडे मात्र चौथ्या-पाचव्या दिवशी दिसू लागतात, दोनेक आठवड्यांनी शिगेला पोहोचतात आणि पुढे दोन-तीन महिने रेंगाळतात.

आता आपल्याकडचा पेशंट कधी येतो ते आठवा. पहिले दोन दिवस घरातली क्रोसिन, तिसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याने बांधून दिलेल्या गोळ्या, चौथ्या दिवशी गल्लीतले डॉक्टर आणि अंग पार गळून गेल्यावर सहाव्या-सातव्या दिवशी हॉस्पिटल. त्या दिवशी काढलेली पीसीआर निगेटिव्ह आली तर नवल नाही, कारण जे शोधायचे ते रक्तातून निघून गेलेले असते. गाडी सुटल्यावर स्टँडवर जायचे आणि गाडी नव्हतीच असे सांगत घरी यायचे, त्यातला हा प्रकार. त्याच सातव्या दिवशी त्याच रक्तावर केलेली आयजीएम एलायझा, म्हणजे जाहिरातीतली दोन नंबरची टेस्ट, डेंग्यू पकडते. सरकारी कार्यक्रमातही म्हणूनच पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ एलायझा आणि त्यानंतर आयजीएम एलायझा अशी विभागणी आहे. त्या आयजीएम एलायझाचे संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतून, आपण जिला एनआयव्ही म्हणतो तिथून, देशभरच्या सेंटिनल रुग्णालयांना जातात. ही विभागणी काटकसरीपोटी आलेली नाही. विषाणूचे रक्तातले वेळापत्रकच तसे आहे.

यात आणखी एक गुंता आहे आणि पॅकेजच्या जाहिरातीत तो कधीच नसतो. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकदा होऊन गेलेला माणूस दुसऱ्या प्रकाराने पुन्हा आजारी पडू शकतो. या दुसऱ्या खेपेला जुन्या ओळखीची आयजीजी प्रतिपिंडे झपाट्याने वाढतात, एनएस-१ला चिकटतात आणि पट्टीच्या वाट्याला मोकळे प्रथिन कमी येते. आयजीएमही या खेपेला कमी बनते. आयसीएमआरने २०१७-१८मध्ये देशभर केलेल्या पाहणीत ५ ते ४५ वयाच्या ४८.७ टक्के लोकांच्या रक्तात पूर्वी डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा मिळाल्या. म्हणजे आपल्याकडे दुसरी खेप हा अपवाद नव्हे. पहिल्यांदाच डेंग्यू झालेल्या परदेशी पेशंटांवर मोजलेली संवेदनशीलता संचाच्या खोक्यावर छापली असेल, तर ती पुण्या-नागपुरात जशीच्या तशी उतरणार नाही.

इथे रॅपिडविरोधक म्हणतील, बघा, आम्ही हेच सांगत होतो. नाही, तुम्ही वेगळेच सांगत होता. तुम्ही पट्टीला बोगस म्हणत होता. एनएस-१ची पट्टी जवळून बघा. सीरमचा थेंब घातला की पंधरा-वीस मिनिटांत 'सी'पुढे रेघ उमटते, ती फक्त पट्टी चालू असल्याची खूण. 'टी'पुढे दुसरी रेघ उमटली तर भर पावसाळ्यात तापलेल्या माणसात ती जवळजवळ नक्कीच डेंग्यूची असते, कारण चांगल्या संचाची विशिष्टता, म्हणजे ज्याला आजार नाही त्याला पॉझिटिव्ह न ठरवण्याची क्षमता, बरीच वरची आहे. रेघ उमटली नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. पॉझिटिव्ह पट्टी आणि निगेटिव्ह पट्टी यांना सारखे वजन द्यायचे नसते. जो डॉक्टर निगेटिव्ह पट्टी बघून 'डेंग्यू नाही' म्हणतो त्याची चूक पट्टीच्या नावावर टाकू नका. (पट्टीवरच्या आयजीएमच्या रेघेवर माझा स्वतःचा एवढा भरवसा नाही. मागच्या महिन्यात होऊन गेलेला डेंग्यू ती आजचा म्हणून दाखवते आणि बारीक, पुसट रेघ कोणी कशीही वाचतो.)

'पण निदान हुकले तर जीव जाईल ना?' हा या वादातला सर्वांत वजनदार प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. डेंग्यूवर विषाणू मारणारे औषध आज नाही. उपचार म्हणजे योग्य वेळी योग्य तेवढे पाणी, सलाइन आणि डोळ्यांत तेल घालून ठेवलेले लक्ष. धोक्याचा काळ येतो तो ताप उतरू लागताना, बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसांत. तेव्हा पोटात सतत दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, लघवी कमी होणे, हिमॅटोक्रिट वाढत असताना प्लेटलेट झपाट्याने खाली येणे, ही लक्षणे ओळखावी लागतात. यातले काहीही पीसीआर सांगत नाही. साधी सीबीसी सांगते, आणि खाटेशेजारी उभा असलेला माणूस सांगतो. तालुक्याच्या गावातून नमुना शहरात पाठवून दोन-तीन दिवसांनी आलेला, शंभर टक्के बरोबर पीसीआर अहवाल धोक्याचा काळ टळल्यावर किंवा पेशंट गेल्यावर हातात पडला, तर त्याच्या संवेदनशीलतेचे काय लोणचे घालायचे? शहरात बसून ग्रामीण डॉक्टरला 'पीसीआर का नाही केली' असे विचारणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे आहे.

आता त्या टक्केवारीकडे वळू. 'संवेदनशीलता ९८ टक्के' असे छापलेले असते तेव्हा दोन निराळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबलेल्या असतात. एक, यंत्राला नमुन्यात कमीत कमी किती विषाणूकण ओळखता येतात. हे प्रयोगशाळेतले माप, आणि त्यात पीसीआर निर्विवाद पहिली. दुसरी, खरोखर बाधित असलेल्या शंभर माणसांपैकी किती जण ती पकडते. हे माणसांतले माप. पहिल्याचा तोरा दुसऱ्याच्या नावावर खपवणे हा या धंद्यातला जुना खेळ आहे. नमुन्यात विषाणूच आला नाही तर जगातले सर्वांत तीक्ष्ण यंत्रही तो दाखवू शकत नाही.

कोविडने याचा धडा सगळ्या जगाला दिला होता, आपण तो विसरलो. २०२०मध्ये चीनमधल्या एका अभ्यासात कोविड झालेल्यांचेच वेगवेगळे नमुने पीसीआरवर तपासले. फुप्फुसातून धुऊन काढलेल्या द्रवात ९३ टक्के पॉझिटिव्ह आले, थुंकीत ७२, नाकाच्या स्वॅबमध्ये ६३ आणि घशाच्या स्वॅबमध्ये फक्त ३२. माणसे त्याच आजाराची आणि तंत्र तेच. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी आधीच्या सात अभ्यासांचे आकडे एकत्र करून दिवसांचा हिशेब मांडला. लक्षणे सुरू होतात त्या दिवशी पीसीआर ३८ टक्के बाधितांना निगेटिव्ह ठरवत होती. तीन दिवसांनी हे प्रमाण २० टक्क्यांवर आले आणि मग पुन्हा वाढत गेले. ज्या चाचणीला आपण सुवर्णमानक म्हणतो तिची ही अवस्था. तिच्याच तुलनेत बाकीच्या चाचण्यांची टक्केवारी काढतात, हेही लक्षात ठेवा. १४ जून २०२० रोजी आयसीएमआरने पहिल्या रॅपिड अँटिजेन संचाला परवानगी दिली तेव्हा आयसीएमआर आणि एम्सच्या तपासणीत त्याची संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के भरली होती आणि विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के. पहिला आकडा ऐकून लोक हादरले. पण तो पीसीआरशी ताडून काढलेला आकडा होता, आणि पीसीआर आजार ओसरल्यावरही कित्येक आठवडे विषाणूचे मेलेले तुकडे शोधत राहते. ज्याच्यापासून कोणाला लागण होण्याची शक्यता उरलेली नाही, त्याला अँटिजेन टेस्टने सोडून दिले तर ती दरवेळी हरली असे कसे म्हणायचे?

पीसीआरच्या पोटातही एक आकडा असतो, सीटी व्हॅल्यू. यंत्राने नमुना किती वेळा दुप्पट केल्यावर विषाणू दिसला, तो आकडा. सीटी दहाने वाढली की मूळ विषाणू साधारण हजारपटीने कमी असतो. २०२१च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट अंगावर असताना महाराष्ट्राने पॉझिटिव्हची रेषा २४ सीटीवर ओढता येईल का, अशी विचारणा केली होती. आयसीएमआरने ३५ची रेषा कायम ठेवली, कारण २४वर थांबले तर लागण पसरवू शकणारे अनेक जण सुटले असते. यात कोण बरोबर होते हा मुद्दा नाही (आयसीएमआर बरोबर होती असे मला वाटते). मुद्दा असा की त्याच यंत्राची, त्याच नमुन्यावरची संवेदनशीलता माणसाने ओढलेल्या एका रेषेने बदलते. तो यंत्राचा जन्मजात गुण नव्हे.

'रॅपिड' या शब्दाला काळिमा लागला तो मुळात एप्रिल २०२०मध्ये. तेव्हा चीनहून आलेल्या अँटिबॉडी संचांचे निकाल राज्याराज्यांत भलतेच येऊ लागले. आयसीएमआरने आधी ते वापरणे थांबवले आणि त्याच महिन्यात परत करायला सांगितले. ते संच प्रतिपिंडे शोधणारे होते. जूनमध्ये आलेले संच विषाणूचे प्रथिन शोधणारे. दोन्ही पट्ट्याच, म्हणून लोकांनी दोघांना एकाच टोपलीत टाकले. पुढे सप्टेंबरमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला राज्यांना लेखी बजावावे लागले की लक्षणे असूनही अँटिजेन निगेटिव्ह आलेल्यांची पीसीआर केलीच पाहिजे, कारण काही मोठी राज्ये तेवढेच करत नव्हती. पट्टी निगेटिव्ह, माणूस घरी, आकडा खाली. आजार रेड्याला आणि औषध पखालीला अशी ही गत. चूक प्रशासनाची आणि शिव्या पट्टीला.

संवेदनशीलतेच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा माझ्या विरोधकांनी अजून पुढे केलेला नाही, म्हणून तो मीच ठेवतो. तो आपल्या उस्मानाबादचा, आताच्या धाराशिवचा आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे होतो. या जिल्ह्यातल्या ५२ गावसमूहांत ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचे चार गट केले. एका गटाची विषाणूच्या डीएनएची चाचणी, एकाची पॅप स्मिअर, एकाची व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि एका गटाला नेहमीचीच सेवा. टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि फ्रान्सच्या लियोंमधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००९मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात फक्त एकदा केलेल्या डीएनए चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सर्वांत संवेदनशील चाचणी जिंकली, यात वाद नाही.

मात्र त्याला जोडून मुंबईचा अभ्यासही वाचावा लागतो. टाटा मेमोरियलनेच १९९८पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर तो केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण दिले आणि त्यांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, तीच व्हिनेगरची तपासणी केली. बारा वर्षांनी मोजले तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. जी तपासणी धाराशिवमध्ये एका फेरीत निष्प्रभ ठरली, तीच मुंबईत चार फेऱ्यांत उपयोगी पडली. पहिल्या फेरीत सुटलेली जखम दुसरीत, दुसरीत सुटलेली तिसरीत सापडत गेली. दोन अभ्यासांची रचना वेगळी आहे, त्यामुळे आकडे समोरासमोर ठेवून गुण देता येणार नाहीत. आणि तुलनेच्या गटांतल्या स्त्रियांना तपासणीविना ठेवले यावर पुढे नैतिकतेचा वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. पण एवढे तर दिसतेच की बाई पुन्हा कधी दारात येईल याची खात्री नसेल तर सर्वांत संवेदनशील चाचणी करावी, आणि ती दर दोन वर्षांनी भेटणार असेल तर कमी संवेदनशील चाचणीनेही जीव वाचतात. चाचणी निवडण्याआधी बाई कितीदा भेटणार ते विचारावे लागते.

पीसीआरशिवाय गत्यंतर नाही अशा जागाही आहेत, आणि तिथे मी तिच्याच बाजूने भांडेन. जुलै २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात तापाची साथ आली. त्यात चिकुनगुन्याचे अनेक, डेंग्यूचे काही आणि राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण निघाला. झिका आणि डेंग्यू भाऊबंद. एकाची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीत उमटतात. अशा गावात गरोदर बाईला तुला झिका आहे की डेंग्यू, हे प्रतिपिंडांवरून सांगणे धोक्याचे. तिथे रक्त आणि लघवीची पीसीआरच हवी. रक्तपेढीचेही तसेच. एचआयव्हीची लागण झाल्यापासून नॅट, म्हणजे पीसीआरसारखीच विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी, १० ते ३३ दिवसांत ओळखते, प्रयोगशाळेतली अँटिजेन-अँटिबॉडी टेस्ट १८ ते ४५ दिवसांत आणि नुसती अँटिबॉडी टेस्ट २३ ते ९० दिवसांत. थॅलेसेमियाच्या पोराला आयुष्यभर रक्त चढवायचे असते. तिथे एकेक दिवस मोलाचा, म्हणून तिथे सर्वांत तीक्ष्ण चाचणी लागते आणि खर्च सरकारने उचलला पाहिजे. गंमत अशी की सोसायटीच्या ग्रुपवर पीसीआरचा जयजयकार करणाऱ्यांपैकी कोणी आपल्या गावच्या रक्तपेढीत नॅट होते का, असे विचारताना मी पाहिले नाही.

संवेदनशील तंत्र हवेच असेल तर ते पेशंटच्या जवळ न्यायची सोय बघा. २०२१च्या सप्टेंबरमध्ये कोझिकोडला निपाह पुन्हा उगवला तेव्हा एनआयव्हीने आपले पथक तिथल्या मेडिकल कॉलेजात पाठवून तिथेच प्रयोगशाळा उभी केली. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालते आणि तालुक्याच्या रुग्णालयातही ठेवता येते. मोठ्या प्रयोगशाळेच्या यंत्रापेक्षा ते काकणभर कमी तीक्ष्ण भरले तरी, दोन तासांत मिळणारे उत्तर दोन दिवसांच्या उत्तरापेक्षा मी केव्हाही पसंत करीन.

राहता राहिले ते फिव्हर पॅकेज. काही हजार रुपये मोजून वीस-बावीस जंतूंची एकत्र पीसीआर करणाऱ्यांना मी अडवणार नाही. फक्त अहवाल आल्यावर त्यावर एक गोष्ट शोधा: ताप कितव्या दिवशी असताना रक्त घेतले, ते कुठे लिहिले आहे का? सरकारी नमुन्याच्या फॉर्मवर ताप कधी सुरू झाला याचा रकाना असतो. बहुतेक खासगी अहवालांवर पेशंटचे वय, लिंग, संदर्भ देणारे डॉक्टर, क्यूआर कोड, सगळे असते आणि हेच नसते. अन्न व औषध प्रशासनाने असो की राज्याच्या आरोग्य विभागाने, कोणीतरी एक साधा आदेश काढावा: विषाणूच्या प्रत्येक चाचणीच्या अहवालावर लक्षणे सुरू झाल्याची तारीख आणि नमुना घेतल्याची तारीख शेजारी शेजारी छापणे सक्तीचे. आणि तो आदेश निघेपर्यंत, पहिल्या तारखेचा रकाना कोरा असलेला निगेटिव्ह अहवाल डॉक्टरांनी ग्राह्य धरू नये, मग तो पट्टीचा असो की पीसीआरचा.